'आपल्या भागातला मलेरिया एकच' हे खरं नाही

'एका भागात मलेरियाचा जंतू एकच असतो. एकाला लागू पडलेली गोळी सगळ्यांना लागू पडते आणि रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली की विषय संपला.' पावसाळा आला की ही समजूत पुढे पाठवली जाते. तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि तिसरं जिवावर बेतू शकतं.

जंतू एकच? फाल्सिपेरम (मलेरियाच्या जंतूची सर्वांत घातक जात) माणसाच्या रक्तात नुसता विभागून वाढतो. नर-मादी पेशींचं मीलन डासाच्या पोटात होतं. डासाने दोन वाण (एकाच जातीचे जनुकांनी वेगळे प्रकार) एकत्र शोषले की तिथे जनुकांची सरमिसळ होऊन नवे वाण निघतात. लागण जास्त असलेल्या भागात एकाच रुग्णात अनेक वाण सापडतात. एका नमुन्यावरून जिल्ह्यातले सगळे वाण कळत नाहीत.

गोळीचं म्हणाल तर भारतातच उपचार दोन तऱ्हेचे आहेत. 2013 पासून ईशान्येत फाल्सिपेरमसाठी आर्टेमेथर-ल्यूमेफँट्रिन हे जोड-औषध देतात, कारण तिथल्या जंतूंच्या डीएचएफआर आणि डीएचपीएस या जनुकांत इतके बदल साचले होते की आधीचं सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन पुरं पडेना. इतरत्र आर्टेसुनेट या औषधाच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच राहिलं.

28 दिवसांच्या आत ताप उलटला की 'गोळी फेल' म्हणतात. तेही तपासावं लागतं. पहिल्या दिवसाचं आणि ताप उलटल्या दिवसाचं रक्त घेऊन जंतूची एमएसपी-1, एमएसपी-2 आणि ग्लर्पसारखी तिसरी खूण, अशा वाणागणिक बदलणाऱ्या तीन जनुकीय खुणा जुळवतात. तिन्ही जुळली तर जुनाच जंतू उरला. एकही पूर्ण वेगळं निघालं तर डास नव्याने चावला. गफलत होते ती तपासणीत थोड्या प्रमाणात असलेल्या वाणाची डीएनएची फिकट पट्टी नजरेतून सुटल्यावर: उरलेला जंतू नवा ठरतो आणि औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. या तपासणीसाठी घेतलेला फिल्टर पेपरवरचा रक्ताचा ठिपका पूर्ण वाळवून, प्रत्येक वेगळ्या पाकिटात सिलिका जेलसह (ओल शोषणारे दाणे) ठेवावा. दमट राहिला तर बुरशी धरते, डीएनए तुटतो.

आता टेस्ट. आपल्याकडचं किट फाल्सिपेरमसाठी एचआरपी-2 हे प्रथिन शोधतं. काही वाणांत ते प्रथिन बनवणारं जनुकच गळलेलं असतं. तिथे रक्तात जंतू भरपूर असूनही रेघ उमटत नाही. याच कारणाने एरिट्रियाने 2016 मध्ये किट बदललं. अशा गळतीमुळे 5 टक्क्यांहून जास्त रुग्ण सुटू लागले तर किट बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून टेस्ट निगेटिव्ह असूनही थंडी-ताप हटत नसेल तर जाड थेंबाची स्लाईड (सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची तपासणी) करून घ्या. सूक्ष्मदर्शकातून स्लाईडची निदान 100 क्षेत्रं (एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहिल्याशिवाय ती निगेटिव्ह म्हणू नये. उलट, उपचारानंतरही एचआरपी-2 रक्तात काही आठवडे राहतं, त्यामुळे तेव्हा उमटलेली रेघ औषध फसल्याचा पुरावा नव्हे.