आयटीवाले, धंदेवाले आणि मधला मी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. भोसरीत मशीन शॉप चालवणाऱ्या आतेभावाने बक्कळ पैसे ओतून ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवलं आणि त्याचा स्टोअरकीपर अजून वहीच लिहितोय. आतेभावाचं म्हणणं, आयटीवाल्यांना धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. हिंजवडीतला पुतण्या म्हणतो, क्लायंटला काय हवंय हे त्यालाच माहीत नसतं. मग कुणीतरी तोडगा काढला: आयटीतल्या पोरांना सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग द्या. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आणि माझं डोकं फिरलं.

खोदून विचारलं तेव्हा कळलं घोडं कुठे अडलंय ते. 100 नग हीट ट्रीटमेंटला जॉबवर्कवर, म्हणजे बाहेरच्या कारखान्यात, जातात. 97 आज येतात, 3 पुढच्या आठवड्यात, नाहीतर रिजेक्शनमध्ये. पण 100 च्या 100 आल्याशिवाय स्क्रीन त्या मालाचं चलान बंद करू देत नाही. म्हणून स्टोअरकीपर तिथे खोटे 100 टाकतो आणि खरा हिशेब वहीत ठेवतो. यात कुणाचं बोलणं कमी पडलं? कितीही गोडबोल्या पोरगा पाठवला असता तरी स्क्रीन हीच निघाली असती. कोड लिहिणारा एक दिवस स्टोअरच्या खिडकीत बसला असता तर निघाली नसती.

बाबा पिंपरीला टूलरूममध्ये होते. ड्रॉइंगवाले साहेब मशीनपाशी येऊन त्यांच्याबरोबर चहा घ्यायचे. ते कधी बंद झालं कोण जाणे. इथे इंग्लंडमध्ये आमच्या गोदामात नवा डेव्हलपर पहिला आठवडा हाय-व्हिज जॅकेट घालून पिकिंग लाईनवर, ऑर्डरचा माल उचलत, काढतो. हे मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहिलं. पुतण्याचं उत्तर तयार होतं: ‘काका, तुमच्या बर्मिंगहॅम कौन्सिलचं काय झालं?’

कार्टं हुशार आहे. कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, एप्रिल 2022 मध्ये सॅप हे जुनं ईआरपी काढून ओरॅकलचं आणलं. सुरुवातीचा अंदाज सुमारे 2 कोटी पौंडांचा होता, तो पुढे 10 कोटींच्या पलीकडे गेला. आलेला पैसा कुठल्या खात्याचा, हे बँकेशी जुळवणारा भागच कोलमडला आणि माणसं हाताने नोंदी जुळवत बसली. सप्टेंबर 2023 मध्ये कौन्सिलने सेक्शन 114 लावलं, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नाहीत अशी जाहीर कबुली दिली. मोठं कारण समान वेतनाचे दावे, पण ओरॅकलचाही हातभार होताच. माझा कौन्सिल टॅक्स 2024 मध्ये 9.99 टक्क्यांनी वाढला, 2025 मध्ये आणखी 7.49.

तरी मी मागे हटलो नाही. ठरलं होतं की कामाची पद्धत ओरॅकलप्रमाणे बदलायची. नंतर ओरॅकललाच जुन्या पद्धतीप्रमाणे वाकवत बसले. म्हणजे माझंच खरं ना?

इथल्या पोस्टाचं होरायझन हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तर याहून भयंकर. 1999 पासून शाखाशाखांत बसवलेल्या त्या प्रणालीने काउंटरवरच्या माणसांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवली आणि 900 हून जास्त जणांना गुन्हेगार ठरवलं गेलं. त्यांत आपल्याकडच्या आडनावांची माणसंही होती. होरायझन बनवणाऱ्या फुजित्सूच्या आत दोष माहीत होते. काउंटरवरचा माणूस हेल्पलाइनला ओरडून सांगत होता. कोर्टात मात्र संगणक बरोबरच चालतो असं गृहीत धरलं जायचं. इंग्रजी सगळ्यांचं फर्डं होतं आणि सॉफ्ट स्किल्सही काठोकाठ असणार.

एवढं सगळं टाइप केल्यावर आतेभावाने एका ओळीत विचारलं, ‘दादा, तू तिथे नेमकं करतोस काय?’

मी मधला माणूस आहे. गोदामाचं पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना सांगतो, पुण्याचं गोदामाला. पुण्यातली टीम मला क्लायंटकडचा समजते, जपून बोलते, दिवाळीच्या फोटोंत धरत नाही. इथली मॅनेजर काही बिघडलं की ‘युअर टीम’ म्हणते, मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असलो तरी. ही दरी आहे म्हणून माझं घर आहे, मुलीची शाळा आहे, ऑक्टोबरच्या हाफ टर्म सुट्टीला पुण्याचं तिकीट आहे. दोन्हीकडचे एकमेकांशी सरळ बोलू लागले तर मला कोण विचारतो?

परवा शिफ्ट सुपरवायझरने लेबल प्रिंटिंगचा कोड लिहिणाऱ्या पुण्याच्या मुलीला टीम्सवर थेट विचारू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला मेल कर, मी कळवतो तिला.