अनवाणी पाय, प्रोटीन आणि बाकीच्या थापा: त्या फुटबॉलवाल्या फॉरवर्डला उत्तर

दर वर्ल्डकपला तो फॉरवर्ड परत उगवतो. आधी शाळेच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या, मग काका फॅमिली ग्रुपवर टाकतात, वर 'जरूर वाचा' असं लिहून. म्हणणं असं: अख्खं जग फुटबॉलवेडं आहे, फक्त भारत आणि अमेरिका सोडून. आपल्याला १९५० मध्ये अनवाणी खेळतात म्हणून वर्ल्डकपमधून हाकललं, तिथे आपला फुटबॉल मेला. उरलासुरला ८३ च्या क्रिकेट वर्ल्डकपने मारला. इंग्रजांनी जिथे राज्य केलं तिथे क्रिकेट लादलं. फुटबॉल हा गरिबांचा खेळ, एक बॉल असला की झालं. आपल्याकडे तशी शरीरयष्टी नाही. अमेरिकनांना दीड तासात एक गोल बघायचा पेशन्स नाही. आणि शेवटची ओळ, 'फुटबॉल आपल्या रक्तातच नाही'.

मी कोल्हापूरचा. शेवटच्या ओळीवर डोकं फिरलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते 'फक्त भारत आणि अमेरिका'. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल चालतो, क्युबा, व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बेसबॉल, लिथुआनियात बास्केटबॉल, फिनलंडमध्ये आइस हॉकी, न्यूझीलंडमध्ये रग्बी. पाकिस्तान, श्रीलंका तर शेजारीच आहेत. अपवाद दोनच असते तर रक्तबिक्त काढून गप्पा मारता आल्या असत्या, पण यादी एवढी लांब आहे म्हटल्यावर कारण दुसरीकडे शोधायला लागतं.

आता बूट. ही गोष्ट इतकी गोड आहे की खोटी म्हणायला पण वाईट वाटतं. झालं काय, तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली टीम फ्रान्सशी खेळली, बरेच जण अनवाणी किंवा नुसते मोजे घालून, आणि २-१ ने हरली, त्यात दोन पेनल्टी घालवल्या. लंडनमध्ये कौतुक झालं. मग १९५० च्या ब्राझील वर्ल्डकपसाठी आपल्या गटातून बर्मा, इंडोनेशिया, फिलिपिन्स सगळ्यांनी माघार घेतली, म्हणजे आपण एकही मॅच न खेळता क्वालिफाय झालो, आणि तरी गेलो नाही. आपल्या फुटबॉल फेडरेशनने सांगितलेली कारणं म्हणजे सरावाला वेळ नाही, टीम निवडीवरून मतभेद, प्रवास लांबचा. मूळ गोष्ट ही की त्या काळात वर्ल्डकपची आपल्याकडे कुणाला किंमतच नव्हती, ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व. शैलेन मन्ना, जे टीम गेली असती तर कॅप्टन असते, त्यांनीच नंतर सांगितलं की अनवाणीचं ते कारण नव्हतं, मागाहून पांघरूण म्हणून पुढे आलं. आणि गंमत बघा, १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत आपले काही जण परत अनवाणीच उतरले, युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला आणि त्यानंतर आपल्याच फेडरेशनने बूट सक्तीचे केले. म्हणजे बुटांचा नियम आपल्याच घरचा, तोही दोन वर्षांनंतरचा.

बरं, १९५० ला 'मेला' म्हणता, तर पुढच्याच वर्षी दिल्लीत एशियन गेम्सचं गोल्ड कुणी घेतलं? १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, तिथे मुंबईकर नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी हॅटट्रिक मारली. १९६२ ला जकार्तात फायनलला दक्षिण कोरियाला हरवून परत गोल्ड. कोच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, ते पुढच्याच वर्षी कॅन्सरने गेले. मेलेल्या माणसाच्या मानाने बारा वर्षं बरी धावपळ केली म्हणायची.

८३ च्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. कपिलची टीम जिंकली तेव्हा रंगीत टीव्ही नुकताच एक वर्षाचा होता, ८७ ला वर्ल्डकप आपल्याकडेच भरला, मग केबल आली, पैसा आला. पण म्हणून फुटबॉल मेला? जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर एक लाख एकतीस हजारांवर लोक. भायचुंग भुतियाची हॅटट्रिक. ८३ नंतर चौदा वर्षांनी! क्रिकेटने लोक पळवले असतील तर मग हे कोण होते, भाड्याने आणलेले?

खरं काय घडलं ते मला असं दिसतं की क्रिकेटला रणजी १९३४ पासून होती, म्हणजे सगळ्या देशाला मिळून बघायला एक गोष्ट होती, आणि फुटबॉलची नॅशनल लीग सुरू झाली कधी, तर १९९६ ला. तोपर्यंत बंगालचा फुटबॉल बंगालात, गोव्याचा गोव्यात, केरळचा केरळात. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, कूपरेज मैदानावर एकेकाळी काय गर्दी व्हायची, आणि शतक सरताना तो बंद पडला तर बातमी पण धड झाली नाही. टीव्हीला देशभर दाखवायला एक तयार मालिका लागते, ती क्रिकेटकडे होती. एवढंच.

'इंग्रजांनी राज्य केलं तिथे क्रिकेट', हा मुद्दा तर नकाशा उघडला की पडतो. नायजेरिया, घाना, केनिया कुणाच्या ताब्यात होते? उलट अर्जेंटिनात, ब्राझीलमध्ये इंग्रजांचं राज्य नव्हतं, पण त्यांची रेल्वे होती, शाळा होत्या, बँका होत्या. ब्यूनस आयर्समध्ये फुटबॉल रुजवला तो वॉटसन हटन नावाच्या स्कॉटिश शाळामास्तराने, साओ पावलोत चार्ल्स मिलर १८९४ ला इंग्लंडहून शिकून परत येताना बॉल घेऊन आला, उरुग्वेचा पेन्यारोल क्लब म्हणजे मुळात इंग्रज रेल्वे कंपनीचा क्लब. एसी मिलानचं पहिलं नाव माहितीये? मिलान फुटबॉल अँड क्रिकेट क्लब. म्हणजे इटलीत पण क्रिकेट पोचलं होतं बरं का, टिकलं नाही. आणि आयर्लंड, अगदी लंडनच्या बाजूला, तिथे १८८४ ला स्वतःच्या खेळांची संघटना काढली आणि जो इंग्रजी खेळ खेळेल त्याला बाहेर, असा नियम केला, तो थेट १९७१ पर्यंत चालला. राज्य करणं आणि खेळ रुजणं यांचा सरळ संबंध लावला की असे अपवाद मोजता मोजता बोटं संपतात.

गरिबांचा खेळ. जर्मनी गरीब आहे? नॉर्वे? आणि क्युबा, निकाराग्वा काय सोन्याच्या बॅटने बेसबॉल खेळतात? तिथे बेसबॉल आहे कारण शेजारी अमेरिका आहे. आपल्या गल्लीत क्रिकेटला किती खर्च येतो, भिंतीवर कोळशाने तीन रेघा मारल्या की स्टंप, कपडे धुवायचं धोपाटणं म्हणजे बॅट, रबरी बॉल सगळ्यांनी मिळून आणायचा आणि जो गटारात घालवेल त्याने काढायचा. स्वस्तात पडतं म्हणून खेळ वाढत असता तर पाकिस्तानातल्या सियालकोटला काय व्हायला पाहिजे होतं? २०१४ च्या वर्ल्डकपचे बॉल तिथे बनले, जगभर तिथून जातात, आणि तिथली पोरं क्रिकेट खेळतात.

शरीरयष्टीवर जास्त वेळ घालवत नाही. मॅराडोना साडेपाच फुटांच्या आत, मेसी जेमतेम पाच सात. २०२२ ला जपानने जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं. आणि शरीरावरून देशाचा आवडता खेळ ठरत असता तर फिलिपिन्सच्या लोकांनी बास्केटबॉलच्या वाटेलाच जायला नको होतं, सरासरी उंची आपल्यासारखीच किंवा कमी, पण अमेरिकनांनी शाळांत आणि वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेत शिकवला, आज तिथे गल्लोगल्ली बास्केट टांगलेली दिसते. प्रोटीन पावडर विकणाऱ्यांनी हा मुद्दा घुसवला असावा असा माझा संशय आहे.

आता अमेरिका. गोल कमी पडतात म्हणून बोअर होतं म्हणे. अहो, बेसबॉलच्या कितीतरी मॅचेस २-१ ने संपतात. त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट बॉल हातात घेऊन पळतात त्या खेळात, २१-१४ दिसतं ते टचडाऊन (त्यांचा गोलच म्हणा) मोजले तर तीन विरुद्ध दोन, फक्त साताने गुणाकार करून फळ्यावर लिहितात. आणि हा आक्षेप आपण घ्यायचा? पाच दिवस टेस्ट बघून ड्रॉ झाली तरी 'काय मॅच झाली' म्हणणारे आपण? जाहिरातींना ब्रेक मिळत नाही हा मुद्दा जरा बरा आहे, पण बेसबॉलची नॅशनल लीग १८७६ ची, कॉलेज फुटबॉल त्याच सुमाराचा. टीव्ही तेव्हा कुठे होता?

तिथे झालं असं की सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, पोचेपर्यंत जागा भरल्या होत्या. उन्हाळा बेसबॉलचा, पानगळ कॉलेज फुटबॉलची, हिवाळ्यात बास्केटबॉल. तरी १९२० च्या दशकात तिथे चांगली लीग होती, गिरण्यांच्या आणि पोलादाच्या गावांत, स्कॉटलंडहून पगार देऊन खेळाडू आणायचे, १९३० च्या पहिल्या वर्ल्डकपला अमेरिका सेमीफायनलपर्यंत गेली. मग १९२८ पासून लीग आणि फेडरेशन यांची जुंपली, त्यावर महामंदी, गिरण्या बंद, टीमा बंद. सॉकर परदेशातून आलेल्यांचा खेळ म्हणून राहिला. १९५० ला, म्हणजे आपण ज्या वर्ल्डकपला गेलो नाही त्याच, अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवलं, गोल मारणारा जो गेटजेन्स हैतीचा, न्यूयॉर्कच्या हॉटेलात भांडी घासून शिकत होता. मायदेशी फारशी दखल कुणी घेतली नाही. आणि पुढे तिथेच बायकांचा सॉकर? १९७२ च्या कायद्याने कॉलेजांना मुलींच्या खेळावर पण खर्च करायला लागला, तिथे जागा रिकामी होती, बाकी देश झोपलेले होते, चार वर्ल्डकप घेतले. १९९९ च्या फायनलला कॅलिफोर्नियात नव्वद हजार लोक. देश तोच, म्हणे पेशन्स नसलेला.

म्हणून माझं म्हणणं, खेळ कसा आहे यापेक्षा तो गावात आला तेव्हा कुणाच्या हातात पडला ते बघा. इंग्लंडमध्ये शनिवारी अर्धी सुट्टी मिळायला लागली आणि चर्च, कारखाने, रेल्वे यांनी टीमा काढल्या. ॲस्टन व्हिला चॅपलमधून, मँचेस्टर युनायटेड रेल्वेच्या कारशेडमधून, वेस्ट हॅम जहाजाच्या कारखान्यातून. माणसं आधीच जमलेली होती, खेळ नंतर आला. कोलकात्यात घोटी-बांगाल, म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे विरुद्ध पूर्व बंगालातून आलेले, गोव्यात गाव आणि चर्च. आणि आमच्याकडे तालीम. कुस्तीसाठी पेठापेठांत तालमी होत्याच, पोरं होती, नाव होतं, बाजूच्या पेठेशी भांडण तर होतंच होतं, फुटबॉल आला आणि तालमीने टीम उतरवली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, सगळ्यांच्या नावात तालीम आहे आणि शाहू स्टेडियमवर ती फुटबॉल खेळतात. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकप खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्यातला. पन्नास किलोमीटरवर सांगली, क्रिकेटवाल्या विजय हजारेंचं गाव, तिथे हा माहोल नाही. पाणी कृष्णा-पंचगंगेचं, जेवण जवळपास तेच, तांबडा-पांढरा सोडला तर.

माझी मामी सांगलीचीच. माहेरी सगळे क्रिकेटवाले, लग्न होऊन पेठेत आली तेव्हा तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ऑफसाइड अजून कळत नाही. पण मॅचच्या दिवशी संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता फटाके कुठल्या बाजूला वाजतायत ते ऐकते, कोण जिंकलं ते बरोबर सांगते, आणि मामा आल्या आल्या ताट वाढायचं की तासभर गप्प राहायचं ते तेव्हाच ठरवून टाकते.