स्वेलडेलचे गडगे

जूनच्या शेवटी आई-बाबा लीड्सला आले होते, तेव्हा त्यांना यॉर्कशर डेल्समधल्या स्वेलडेल दरीत घेऊन गेलो. यॉर्कशर डेल्स म्हटलं की आपली मंडळी मालम कोव्ह बघतात, एखादा धबधबा करतात, फार तर हॉजला चीज घेतात आणि संध्याकाळी घरी परततात. मी मुद्दाम स्वेलडेलमधल्या म्यूकर गावाची वाट धरली. गाडीतून उतरल्याबरोबर बाबा रस्त्याकडेच्या भिंतीपाशी गेले, दोन दगडांच्या फटीत बोटं घातली आणि म्हणाले, "अरे, हा तर गडगा!"

गडगाच तो. ना चुना, ना सिमेंट. फक्त आपल्या संगमेश्वरकडे जांभा आणि काळा दगड, तर इथे चुनखडी आणि वाळूचा दगड. दोन बाजूंनी दोन भिंती आत झुकत वर येतात, मधल्या पोकळीत चिपा भरलेल्या, ठरावीक उंचीवर दोन्ही भिंती बांधून ठेवणारे लांब आडवे दगड आणि माथ्यावर उभ्या दगडांची रांग. बाबांनी आयुष्यभर दर पावसाळ्यानंतर आमच्या आगराचा गडगा सावरलाय. त्यामुळे ते दरी बघायच्या आधी अर्धा तास भिंतच बघत होते आणि माझ्या मते तेच बरोबर होतं.

या भागाचे फोटो टाकताना सगळे लिहितात 'निसर्गाची किमया'. मला हे मनापासून खटकतं. डोंगर आणि नदी निसर्गाची, मान्य. पण आपण ज्याचा फोटो काढतो ते म्हणजे डोंगरमाथ्यापर्यंत चढत गेलेल्या भिंती, मधली हिरवी कुरणं, प्रत्येक कुरणात एक दगडी गोठा. ही माणसांच्या हातांची कामं आहेत. गावांची नावंसुद्धा तेच सांगतात. हजार वर्षांपूर्वी नॉर्स लोक इथे वसले, त्यांच्या भाषेत थ्वेट म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जागा आणि केल्ड म्हणजे झरा.

त्या गोठ्यांची योजना फार हुशारीची होती. उन्हाळ्यात कुरणातलं गवत कापून, वाळवून त्याच कुरणातल्या गोठ्याच्या माळ्यावर भरायचं. हिवाळ्यात खाली चार-पाच गायी बांधायच्या आणि माळ्यावरून वैरण खाली ढकलायची. साठलेलं शेण वसंतात त्याच कुरणात पसरायचं. वैरण लांब न्यायला नको, खत लांबून आणायला नको. पण शेतकऱ्याला मात्र बर्फातून दिवसातून दोनदा या गोठ्यातून त्या गोठ्यात पायपीट. शेकडो वर्षं असं चाललं म्हणून म्यूकरची कुरणं जूनमध्ये फुलांनी भरतात. कापणी उशिरा, बी पडून गेल्यावर. दगडी फरशांच्या चिंचोळ्या पायवाटेवरून एकामागोमाग एक चालायचं, गवत तुडवायचं नाही. आई पदर सावरत सगळ्यात पुढे होती. सारख्या "हे काय, ते काय" चौकशा, आणि मला निम्म्या फुलांची नावं येईनात.

आता गायी मोठ्या शेडमध्ये असतात, ट्रॅक्टर त्या छोट्या दारांतून आत जात नाही. गोठे रिकामे. छप्पराचा एक दगडी पत्रा निसटला की पाणी शिरतं, वासे कुजतात, मग भिंतीही बसतात. छप्पर कोसळलेला गोठा 'रोमँटिक' दिसतो, असं मला कितीदा ऐकवलंय. मला तो अजिबात तसा दिसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या छपरांवर सरकारी पैसा खर्च व्हायला हवा. आणि जिथे गुरांसाठी उपयोग उरलाच नाही, तिथे गोठ्याचं घर करायला परवानगी द्यावी, पण ते तिथेच राहणाऱ्या, तिथेच काम करणाऱ्या तरुण जोडप्याला मिळावं. सुट्टीत भाड्याने द्यायला आणखी एक घर नको. हिवाळ्यात संध्याकाळी ज्या गावात निम्म्या खिडक्या अंधाऱ्या, तिथले गडगे उद्या कोण सावरणार?

ही दरी एकदा रिकामी झालेली आहे. गनरसाइडच्या वर डोंगर खरवडल्यासारखा दिसतो. शिशाच्या खाणी होत्या. माथ्यावर पाणी अडवायचं आणि बांध फोडून एकदम सोडायचं, म्हणजे माती वाहून जाऊन खनिजाची शीर उघडी पडते. १८८०च्या सुमारास परदेशी शिसं स्वस्त झालं, खाणी बंद पडल्या आणि कुटुंबंच्या कुटुंबं डरहमच्या कोळशाकडे, लँकेशरच्या गिरण्यांकडे, अमेरिकेकडे निघून गेली.

परतताना इव्हलेटच्या उंच कमानीच्या पुलापाशी थांबलो. १५८० साली म्यूकरला चर्च झालं. त्याआधी वरच्या गावांतलं प्रेत पुरायला थेट ग्रिन्टनच्या चर्चला न्यावं लागे, पंधरा-सोळा मैल, नदीकाठाने, वेताच्या पेटीत, खांद्यावर. कधी दोन दिवस लागत, असं सांगतात. वाटेत पेटी टेकवायला सपाट दगड असायचे. त्यातला एक या पुलाच्या टोकाशी अजून आहे. दमलेले बाबा नेमके त्याच्यावरच बसले.

मी सांगितल्याबरोबर आई म्हणाली, "अहो, उठा आधी. विसाव्याची जागा आहे ती."

बाबा उठले. हाताने दगडावरची माती झटकली आणि खांदा बदलायला किती माणसं लागत असतील, याचा हिशोब करत पूल ओलांडला.