आधी चॅसी, मग टायर

जोंगा, म्हणजे सैन्याची जुनी जीपसारखी गाडी, घेतल्यावर आधी मोठे टायर टाका, उंची वाढवा, असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटलं नाही. सैन्याच्या लिलावातून आलेली गाडी असेल तर आधी बॉडी उतरवून चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, घासून काढा. आमच्या गाडीत मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ, रंगाखाली, केसाएवढी चीर निघाली. घाटाच्या उतारावर ती उघडली असती तर? शिवाय ब्रेक ड्रमचे. ओढ्यातून बाहेर आल्यावर काही वेळ धरतच नाहीत, आणि मोठ्या टायरने त्यांच्यावरचा ताण वाढतो. मूळचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन मात्र जमेल तोवर ठेवाच! इंजिन हळू फिरत असतानाही मिळणारी त्याची ओढ दगडधोंड्यांत फार कामाला येते. डिझेल बसवायचंच असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद.