गीझरच्या अस्थी

मागच्या थंडीत आमच्या गीझरला कंठ फुटला. निफाडचा पारा पेपरात वाचून नाशिककर आपापल्या घरी कुडकुडतात, त्या दिवसांतली गोष्ट. बटण दाबलं की आतून भट्टीत फुटाणे फुटल्यासारखा आवाज, आणि अर्ध्या तासाने हाती येणार कोमट पाणी. शॉवर तर आधीच संपावर गेला होता. चाळीस भोकांपैकी चार चालू, त्यातलं एक नेम धरून माझ्या कानात.

आम्ही राहतो गंगापूर रोडला. रस्त्याला नाव धरणाचं. टाकीतलं धरणाचं पाणी दुपारपर्यंत संपतं आणि मग बोअर सुरू. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम बखोटीला मारून आणतं. शाळेत ‘कठीण पाणी’ शिकलो होतो. तेव्हा वाटायचं, पेपरात आलं तरच कठीण.

सोसायटीने पाणी तपासून घेतलं. कठीणपणा लिटरला 540 मिलिग्रॅम. भारतीय मानक म्हणतं, पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या. म्हणजे आम्ही पास, पण ग्रेस मार्कांवर. चेअरमननी पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

आईने टाकीत तुरटी फिरवली. तुरटीने गाळ खाली बसतो. विरघळलेले क्षार जागचे हलत नाहीत. आईही हलली नाही. “विश्वास नसेल तर डाळीला विचार,” म्हणाली. डाळ चार शिट्ट्यांनंतरही दाणादाणा वेगळी.

शेवटी प्लंबर आला. गीझर खालून उघडला आणि घमेलं भरून पांढऱ्या खपल्या काढल्या. दिसायला थेट पातळ पोह्यांचा चिवडा! पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो. थर जाड झाला की उष्णता बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत जळते, आणि थराखाली अडकलेली वाफ फुटते, तेच ते फुटाणे. शॉवरची जाळी त्याने लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकली. ती सोड्यासारखी फसफसली आणि तासाभरात चाळीसच्या चाळीस भोकं कामावर रुजू.

“साहेब, सॉफ्टनर बसवा. फक्त अधूनमधून त्याला मीठ घालावं लागतं.”

“क्षार घालवायला मीठ?”

“मिठानेच जातात.”

या घरात माझं कुणी ऐकत नाही, रसायनशास्त्रानेच का ऐकावं!

खपल्या मी जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि खाली निघालो. वॉचमनने गाठोडं पाहिलं, टोपी काढली.

“कोण गेलं, साहेब?”

“गीझरची कॉइल.”

त्याला नीट ऐकू गेलं नसावं. “रामकुंडावर लवकर जा,” तो हळूच म्हणाला. “तिथे अस्थी विरघळतात.”

रिक्षासुद्धा त्यानेच थांबवली.