शपथेतून देव वगळता येतो, नोटेवरून नाही

आम्ही अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हाची गोष्ट. हॉलभर माणसं उजवा हात वर करून एका सुरात शपथ म्हणत होती. शेवटचे शब्द आले, ‘सो हेल्प मी गॉड’. मी ते मनापासून म्हटले. माझ्या शेजारी उभा असलेला माझा नवरा तेवढ्यापुरता गप्प राहिला. तो कॉलेजात असल्यापासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करत आलाय, देव मानत नाही. आदल्या रात्री मला उगाच धास्ती वाटत होती, की एवढ्यावरून ह्याचे कागद अडकायचे. काही अडलं नाही. ते शब्द गाळायची मुभा नियमांतच आहे आणि गाळले तर कारण द्यावं लागत नाही. आम्ही दोघंही सारखेच नागरिक होऊन बाहेर पडलो.

बाहेर जेवलो. उठताना त्याने टेबलावर टिपेच्या नोटा ठेवल्या आणि प्रत्येक नोटेवर तेच वाक्य होतं, ‘इन गॉड वी ट्रस्ट’. देवावर आमचा भरवसा आहे. तासाभरापूर्वी जे न बोलण्याचा हक्क ह्या देशाने त्याला दिला होता, तेच त्याच्या पाकिटात त्याच्याच वतीने छापलेलं होतं.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. आधीच सांगते, मी श्रद्धाळू आहे. घरात देव्हारा आहे, रोज दिवा लागतो, नोटेला पाय लागला तर मी ती उचलून कपाळाला लावते. तरीही हे वाक्य नोटांवरून जायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. ते तिथे असणं घटनेने दिलेल्या हक्काशी विसंगत आहे.

वाक्य तिथे आलं कसं ते बघा. अमेरिकेच्या घटनेत देवाला आवाहन नाही. पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करायला मनाई केली. 1782 च्या राजमुद्रेच्या दर्शनी बाजूवर जे लॅटिन वाक्य आहे त्याचा अर्थ ‘अनेकांतून एक’, आणि त्यात देव नाही. मग यादवी युद्ध पेटलं. नोव्हेंबर 1861 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वॉटकिन्सन नावाच्या पाद्र्याने अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिलं. त्याची चिंता अशी, की उद्या हे प्रजासत्ताक मोडलं आणि पुढच्या शतकांतल्या संशोधकांना आपली नाणी सापडली, तर ते आपल्याला ‘हीदन’ राष्ट्र समजतील. चेस यांना ते पटलं. 1864 मध्ये दोन सेंटच्या नाण्यावर हे वाक्य पहिल्यांदा उमटलं.

‘हीदन’ म्हणजे त्या काळच्या ख्रिस्ती पाद्र्याच्या तोंडी कोण? मूर्तिपूजक, अनेक देव मानणारे. म्हणजे मीच की! माझ्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाकातला खंडोबा. ‘आम्ही तसले नव्हे’ हे जगाला कळावं म्हणून हे वाक्य आलं. आमच्या मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात, ‘अगं, गॉड म्हणजे कोणताही देव, आपलाही त्यात आलाच.’ त्यांची भावना मी समजू शकते. पण आपल्याला वगळण्यासाठी केलेल्या वाक्यात आपण आपणहून जाऊन बसावं, हे मला जमत नाही.

नोटांवर तर ते फारच उशिरा आलं. 1954 मध्ये ध्वजाच्या प्रतिज्ञेत ‘अंडर गॉड’ हे शब्द घातले गेले. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सर्व चलनावर हे वाक्य सक्तीचं करणाऱ्या कायद्यावर सही केली, 1956 मध्ये ते राष्ट्राचं ब्रीदवाक्य झालं, आणि 1957 पासून एक डॉलरच्या नोटेवर छापायला सुरुवात झाली. सोव्हिएत रशिया नास्तिक, म्हणून आपण आस्तिक, हे ठसवण्याचा तो काळ. ‘पहिल्यापासून चालत आलंय’ असं जे सांगितलं जातं, ते नोटांच्या बाबतीत माझ्या आईच्या वयाइतकंच जुनं आहे.

यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. 1907 मध्ये त्याच्या पुढाकाराने दहा आणि वीस डॉलरची नवी सोन्याची नाणी निघाली आणि त्यांवर हे वाक्य नव्हतं. ओरड झाली तेव्हा त्याने लिहिलं, की असं पवित्र वाक्य नाण्यावर घालण्याने भलं तर होत नाहीच, उलट तो विटंबनेच्या जवळ जाणारा अनादर आहे. रूझवेल्ट नास्तिक नव्हता, चांगला चर्चला जाणारा माणूस होता. 1908 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून वाक्य परत आणलं. हे वाचताना मला औरंगजेब आठवला. त्यानेही आपल्या नाण्यांवरून कलमा काढून टाकला होता, कारण नाणं कोणाच्याही हातात जातं, पायदळी येतं, तिथे पवित्र शब्द नकोत. दोघांत काही म्हणता काही साम्य नाही, पण देवाचं नाव पैशावर नको हे दोघांनाही श्रद्धेपोटीच वाटलं.

आता न्यायालयांकडे येते. खटले पुष्कळ झाले आणि सगळे हरले. 1970 मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे देशाच्या एका विभागाच्या, अपील न्यायालयाने सांगितलं, की ह्या वाक्याचा धर्म प्रस्थापित करण्याशी काही संबंध नाही, ते देशभक्तीपर आणि औपचारिक आहे. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ब्रेनन यांनी एका वेगळ्या खटल्यातल्या भिन्नमतात सुचवलं, की अशी वाक्यं घोकून घोकून त्यांतला धार्मिक अर्थच उरलेला नाही, म्हणून ती चालतात.

हे वाचून मला वाईट वाटलं. देवावर भरवसा ह्या शब्दांना अर्थ उरला नाही? माझ्यासाठी त्याहून अर्थ असलेले शब्द थोडेच आहेत. आई आयसीयूत असताना रात्रभर माझ्या तोंडात तेच होते. हे वाक्य नोटेवर राखायचं तर ‘ती प्रार्थना नाहीच’ असं सरकारला न्यायालयात सांगावं लागतं. ज्यांना हे वाक्य मनापासून हवं आहे, त्यांना हा बचाव कसा चालतो?

आणि 1977 चा मेनार्डचा निकाल. न्यू हॅम्पशायरमध्ये गाडीच्या नंबरप्लेटवर ‘स्वतंत्र जगा किंवा मरा’ असं राज्याचं ब्रीदवाक्य असतं. जॉर्ज मेनार्ड हा यहोवाज विटनेस पंथाचा माणूस. त्याच्या श्रद्धेला ते पटेना, म्हणून त्याने ते चिकटपट्टीने झाकलं. त्याला पंधरा दिवस तुरुंगात काढावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: सरकारचा विचार स्वतःच्या मालमत्तेवर मिरवायची सक्ती नागरिकावर करता येणार नाही. पण त्याच निकालाच्या एका तळटीपेत न्यायालयाने नोटा बाजूला काढल्या. पैसे खिशात किंवा पर्समध्ये असतात, लोकांना दाखवत फिरावं लागत नाही, म्हणून ती जाहिरात नव्हे.

खिशात? पैसा खिशात ठेवण्यासाठी असतो की देण्यासाठी? 2018 मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे जे वादी होते, त्यांत एक ज्यू होता. देवाचं नाव विनाकारण छापायचं आणि मग नष्ट करायचं, ह्यात सामील होणं त्याच्या धर्मात पाप. म्हणजे तक्रार फक्त नास्तिकांची नव्हती. बहुमताचं म्हणणं पडलं, की रोख रक्कम वापरायची सक्ती नाही, दुसरे मार्ग आहेत. आमच्याकडे कार्डं आहेत, ठीक. पण लाँड्रोमॅटमध्ये, कपडे धुवायच्या यंत्रात टाकायला क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटची नाणी मोजणाऱ्या बाईकडे आहेत का? बँकेत खातंच नसलेल्या, रोजच्या रोज रोखीवर चालणाऱ्या माणसाने काय करायचं? 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

‘तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला काय त्याचं?’ असं मला एका इथल्याच शेजाऱ्याने विचारलं होतं. मी जिथून आले तिथे हाच प्रश्न आधी येऊन गेला आहे. 17 ऑक्टोबर 1949. घटना समितीत ह. वि. कामथ यांनी मागणी केली, की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी. आसामच्या रोहिणीकुमार चौधरींनी विचारलं, मग देवीच्या नावाने का नको? आम्ही शाक्त. पूर्णिमा बॅनर्जींनी कामथांना विनवलं, की देवाला मतदानाला लावू नका. पट्टम थाणू पिल्लै स्वतः आस्तिक, तरी म्हणाले, की ही श्रद्धेची सक्ती होईल, न मानण्याचा हक्कही माणसाला आहे. मतं मोजली. बाजूने 41, विरुद्ध 68. सभागृहात आस्तिक काही कमी नव्हते, तरी हा निकाल लागला.

म्हणूनच 2022 मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटेवर लक्ष्मी-गणपती छापायची मागणी केली तेव्हा मी फेसबुकवर विरोध लिहिला होता, आणि बऱ्याच नातेवाइकांचा राग ओढवून घेतला होता. इथे अल्पसंख्य म्हणून एक बोलायचं आणि तिथे बहुसंख्य म्हणून दुसरं, हे मला करायचं नाही. लक्ष्मीपूजनाला मी चौरंगावर नोटा ठेवते, हळदकुंकू वाहते. ती पूजा माझी आहे, माझ्या घरातली आहे, आणि ती करायला नोटेवर काही छापलेलं असावं लागत नाही.

नागरिकत्वाच्या परीक्षेला जे शंभर प्रश्न पाठ केले होते, त्यांत एक होता: धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय? उत्तर: तुम्ही कोणताही धर्म पाळू शकता किंवा कोणताच न पाळता राहू शकता. मी ते सरकारी पुस्तिकेतून पाठ केलं होतं.

न्यायालयाचा रस्ता सध्या बंद दिसतो. कायदा काँग्रेसने केलाय, तीच तो बदलू शकते. 2011 मध्ये प्रतिनिधिगृहाने हे ब्रीदवाक्य पुन्हा दुजोरा देऊन पक्कं केलं, 396 विरुद्ध 9. नऊ जण तरी होते. आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला मी काल पत्र लिहिलं. परीक्षेतला तो प्रश्न आणि त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात घातलं आहे, आणि मी देव मानते हेही लिहिलं आहे. खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. उत्तर आलं की इथेच टाकेन.