ती हसत नव्हती

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाच्या रस्त्यावर गाडी थांबवून कुणीतरी माकडिणीला क्रीमची बिस्किटं देतंय. तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. तिने ओठ मागे ओढून दात दाखवले, आणि खाली मजकूर: "थँक्यू म्हणतेय बघा, कशी हसतेय!" त्यावर बदामांचा पाऊस.

अहो, ती हसत नाहीये! हे लाल तोंडाचं माकड, बॉनेट मकाक, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असतात ते. त्याने आवाज न करता ओठ मागे ओढून दात दाखवले की अर्थ एवढाच, "घाबरलेय, मारू नका." डोळे रोखून, भुवया उचलून तोंडाचा आ केला तर ती धमकी. आपण दोन्हीला हसू म्हणतो आणि सेल्फीसाठी आणखी पुढे सरकतो. मग चावलं की माकड माजलंय.

आता ते बिस्किट. मकाकच्या गालात पिशव्या असतात. सापडेल ते भराभर कोंबायचं आणि सुरक्षित जागी जाऊन चावायचं, ही त्याची सोय. उंबर आणि करवंदांसाठी ती ठीक. मैदा आणि साखरेचा लगदा मात्र दातांना लागून तिथेच बसून राहतो, दात किडतात. शिवाय रानात खाणं विखुरलेलं असतं. एक फळ इथे, कोवळा पाला तिथे, साल उचकटून किडे. टोळी दिवसभर हिंडते, त्यामुळे भांडणं कमी. तुम्ही एका जागी पुडा फोडला की वरच्या मानाच्या माद्या आणि नर आधी तुटून पडतात, खालच्या मानाच्या चावे खातात. व्हिडिओतली ती पुडा हातात येऊनही मागे वळून वळून बघत होती, ते कुणाच्या लक्षात आलं का? तिला भीती फक्त गाडीवाल्याची नव्हती.

काळ्या तोंडाच्या वानराचं तर आणखी वाईट. त्याचं पोट अनेक कप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. त्यात एकदम ब्रेड किंवा केळ्यांचा ढीग गेला की आम्ल वाढतं आणि पोट फुगतं. शनिवारी केळी नेणाऱ्यांनो, मारुतीला नमस्कार देवळात करा ना.

ठीक आहे, घोडबंदरला टॉवर पार जंगलाच्या कुंपणाला टेकलेत, त्यात बिस्किटवाल्याचा दोष नाही, एवढं मान्य. पण रस्त्यावर खाणं मिळतं हे टोळीला शिकवतो तो बिस्किटवालाच. मग टोळी रस्ता ओलांडते आणि गाडीखाली सापडते. आणि हात लावून भरवता तेव्हा तुमचा खोकलाही देता. माणसाचा क्षयरोग मकाकला होतो.

सगळे मुद्दाम करत नाहीत, हे कळतं. पिल्लू बघून कुणाचाही हात पिशवीत जातो. म्हणून फक्त एवढं करा: गाडीच्या काचा वर, खाणं डिकीत. पायी असाल आणि टोळी समोर आली तर डोळ्यात बघू नका, दात दाखवू नका, पळू नका, तिरके होत सावकाश मागे सरका. पिशवी ओढली तर सोडून द्या, रस्सीखेच नको. पिल्लू खाली पडलं तर उचलू नका. लोकांना लांब करा, आई उतरून येते. जखमी असेल तर वनखात्याला 1926 वर फोन. सोसायटीत कचऱ्याच्या डब्याला कडीचं झाकण, उघडी पिशवी रात्रभर बाहेर नको. चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

हे लिहिताना तो व्हिडिओ परत पाहिला. शेवटच्या दोन सेकंदांत गाडी हॉर्न देते, ती दचकते आणि पुडा तोंडात धरून पिल्लासकट रस्त्याच्या मधोमध उडी मारते. तिथेच क्लिप संपते. पुढे काय झालं, हे एकाही बदामवाल्याने विचारलेलं नाही.